‘आनाखोरेओ’: नव्या करारातील ‘निघून जाण्या’चा अर्थ कसा शोधावा

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू वारंवार एक जागा सोडून दुसरीकडे जातो, आणि मराठी वाचक ‘निघून गेला’ हे शब्द ओलांडून सहज पुढच्या प्रसंगाकडे वळतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र यांपैकी काही ठिकाणी नेहमीचे ‘गेला’ नसून ‘आनाखोरेओ’ हे वेगळे क्रियापद आहे. नव्या करारात ते १४ वेळा येते आणि त्यांतली १० ठिकाणे एकट्या मत्तयात आहेत. मार्क आणि योहान यांच्यात ते प्रत्येकी एकदा येते, प्रेषितांच्या कृत्यांत दोनदा येते, आणि लूकाच्या शुभवर्तमानात किंवा पत्रांमध्ये ते मुळीच नाही. एकच लेखक एखाद्या शब्दाकडे इतक्या वेळा वळत असेल, तर वाचकाने तेथे थांबून पाहायला हवे.

ग्रीक न शिकलेला पण काळजीपूर्वक वाचणारा अभ्यासक, बायबल-वर्ग घेणारी शिक्षिका किंवा रविवारच्या उपदेशाची तयारी करणारा पाळक हा अभ्यास स्वतः कसा करू शकेल, ते पुढे क्रमाने मांडले आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. या क्रियापदाचा अर्थ शब्दाची फोड करून हाती लागत नाही. कोणाला काय कळले, तो कोठून निघाला, कोठे पोचला आणि त्यानंतर काय घडले, हे सांगणाऱ्या आजूबाजूच्या वाक्यांतून तो उलगडतो.

पहिली पायरी: शब्द नेमका ओळखणे

मराठी बायबलमध्ये ‘निघून जाणे’ शोधून या अभ्यासाची सुरुवात करू नये, कारण त्या एका मराठी शब्दप्रयोगामागे ग्रीकमधली अनेक क्रियापदे असू शकतात. त्याऐवजी बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या शब्दसूचीतील क्रमांक वापरावा. ‘आनाखोरेओ’चा क्रमांक ४०२ आहे. स्टेप बायबलसारख्या मोफत संकेतस्थळावर मत्तय २:१४ उघडून त्या शब्दावर टिचकी मारली, की हा क्रमांक आणि त्याची इतर सगळी ठिकाणे समोर येतात.

ग्रीक पाठात हा शब्द कोशातल्या रूपात भेटत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘तो निघून गेला’ यासाठी ‘आनेखोरेसेन’ आणि ‘ते निघून गेले’ यासाठी ‘आनेखोरेसान’ अशी रूपे येतात. ‘आना’ हा उपसर्ग आणि मूळ धातू यांच्यामध्ये भूतकाळ दाखवणारा ‘ए’ शिरतो, म्हणून ‘ना’चा ‘ने’ होतो. चौदांपैकी दहा ठिकाणी अशी भूतकाळी रूपे आहेत, तीन ठिकाणी ‘निघून गेल्यावर’ किंवा ‘बाजूला जाऊन’ अशा अर्थाची धातुसाधिते आहेत, आणि मत्तय ९:२४ या एकाच ठिकाणी आज्ञार्थ आहे.

याच धातूपासून झालेली भावंडे वेगळी ठेवावीत. ‘आपोखोरेओ’ (६७२) मत्तय ७:२३ मध्ये ‘माझ्यापासून दूर व्हा’ या कठोर वाक्यात येते. ‘हुपोखोरेओ’ (५२९८) हे लूकाचे क्रियापद आहे. लूक ५:१६ मध्ये येशू रानात एकांती जाऊन प्रार्थना करतो, ते त्याच शब्दाने सांगितले आहे. ‘आफिस्तेमी’ (८६८) हे तर वेगळ्याच मुळाचे आहे आणि त्यात ‘सोडून देणे, फितणे, विश्वासापासून ढळणे’ हा अर्थ असू शकतो. या शब्दांची सरमिसळ झाली की पुढचा सगळा अभ्यास वाकडा जातो, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

दुसरी पायरी: चौदाही ठिकाणे एका कागदावर मांडणे

कोश उघडण्याआधी ही पायरी पुरी करावी, असा माझा आग्रह आहे. कोशकाराने केलेली वर्गवारी एकदा वाचली, की आपण तीच शोधू लागतो. कागदावर चार रकाने आखावेत: निघण्याआधी काय कळले किंवा घडले, कोठून, कोठे, आणि पुढे काय झाले. मग प्रत्येक ठिकाणी किमान पाच वचने मागे आणि पाच वचने पुढे वाचून रकाने भरावेत.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द चारदा येतो आणि चित्र तेथूनच उमटू लागते. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना हेरोदाकडे परत न जाण्याची सूचना स्वप्नात मिळते आणि ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी जातात (२:१२). ते गेल्यावर (२:१३) दूत योसेफाला स्वप्नात दिसतो, आणि योसेफ रात्रीच मूल व आई यांना घेऊन मिसरात जातो (२:१४). पुढे हेरोदाचा मुलगा अर्खेलाव यहूदीयात राज्य करत आहे हे ऐकून तो तेथे जायला घाबरतो, पुन्हा स्वप्नात सूचना मिळते, आणि तो गालीलाच्या भागात जातो (२:२२). आधी बातमी किंवा सूचना, मग निघणे आणि शेवटी ठरलेले ठिकाण असा हा क्रम आहे. यात आणखी एक बारकावा आहे. २:१३ मध्ये दूताच्या तोंडी ‘फेउगे’, म्हणजे ‘पळ’, ही आज्ञा आहे, परंतु पुढच्याच वचनात योसेफाने काय केले हे सांगताना मत्तय तो धातू न घेता ‘आनेखोरेसेन’ लिहितो.

४:१२ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान धरला गेल्याचे ऐकून येशू गालीलात जातो. येथे ‘धोका टळावा म्हणून सुरक्षित ठिकाणी गेला’ असा अर्थ लावण्याचा मोह होतो, आणि येथेच नकाशा व इतिहास यांची मदत घ्यावी लागते. योहानाला धरणारा हेरोद अंतिपा हाच गालील आणि पेरिया यांचा अधिपती होता. म्हणजे योहानाच्या अटकेनंतर येशू ज्या प्रदेशात जातो, तो अटक करणाऱ्याच्याच सत्तेखालचा आहे. त्यामुळे ‘लपून राहणे’ हा अर्थ येथे बसत नाही. लगेच पुढे यशयाच्या नवव्या अध्यायातील अंधारात बसलेल्या लोकांना दिसलेल्या मोठ्या प्रकाशाचे वचन येते आणि येशूची जाहीर घोषणा सुरू होते. धोक्याच्या बातमीने हालचाल सुरू झाली खरी, पण तिचा शेवट आडोशाला झाला नाही.

१२:१५ मध्ये परूश्यांनी त्याच्या घाताची मसलत केली हे ‘जाणून’ येशू तेथून निघतो, पुष्कळ लोक त्याच्यामागे जातात, तो सर्वांना बरे करतो आणि आपल्याला प्रकट करू नका असे बजावतो. त्यामागोमाग यशया ४२ मधील सेवकाचे वर्णन येते, जो भांडणार नाही व ओरडणार नाही आणि जो चेपलेला बोरू मोडणार नाही. १४:१३ मध्ये योहानाच्या शिरच्छेदाचे ऐकून तो तारवात बसून एकांती, ओसाड जागी जातो. तरीही लोकसमुदाय पायी तेथे पोचतो आणि पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग घडतो. १५:२१ मध्ये यरुशलेमेहून आलेल्या परूशी व शास्त्री यांच्याशी वाद झाल्यावर तो सोर व सीदोन यांच्या भागात जातो आणि कनानी स्त्रीची भेट होते. या शेवटच्या ठिकाणी ‘ऐकून’ किंवा ‘जाणून’ असा शब्द नाही, त्यामुळे धोक्याचा धागा येथे पातळ आहे. तसे कागदावर स्पष्ट नोंदवावे. नमुना सापडला म्हणून तो सगळीकडे ओढून बसवू नये.

आणखी चार ठिकाणे तर या नमुन्यात बसतच नाहीत. ९:२४ मध्ये अधिकाऱ्याच्या घरी जमलेल्या पावा वाजवणाऱ्यांना आणि गलबला करणाऱ्या लोकांना येशू ‘बाजूला व्हा’ म्हणतो. तेथे धोका नाही आणि प्रवासही नाही. २७:५ मध्ये यहूदा चांदीची नाणी मंदिरात फेकून निघून जातो आणि गळफास घेतो. प्रेषितांची कृत्ये २३:१९ मध्ये सरदार पौलाच्या भाच्याचा हात धरून त्याला एकीकडे नेतो, तर २६:३१ मध्ये अग्रिप्पा, बर्णीका आणि फेस्त सभागृहातून बाजूला होऊन आपसांत बोलतात. हा केवळ ‘बाजूला जाणे’ इतकाच साधा वापर आहे.

कागद भरून झाला की अध्यायांच्या क्रमाकडे पाहावे. येशूच्या बाबतीत हे क्रियापद मत्तय १५:२१ नंतर पुन्हा येत नाही. १६:२१ पासून तो शिष्यांना सांगू लागतो की आपण यरुशलेमेस जाऊन दुःख सोसले पाहिजे, आणि गेथशेमाने बागेत धोका अगदी दाराशी आलेला असताना तो ‘उठा, आपण जाऊ’ म्हणतो, पण ते जाणे पकडणाऱ्यांच्या दिशेने असते. या अभ्यासातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे निरीक्षण हेच आहे, आणि ते एकेका वचनाच्या वाचनात दिसत नाही. सगळी ठिकाणे शेजारी मांडल्यावरच दिसते.

तिसरी पायरी: तोच प्रसंग इतर शुभवर्तमानांत पाहणे

लेखकाने शब्द जाणीवपूर्वक निवडला का, हे तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे समांतर उतारे. मत्तय ४:१२ शी समांतर असलेल्या मार्क १:१४ मध्ये येशू गालीलात ‘आला’, आणि लूक ४:१४ मध्ये तो आत्म्याच्या सामर्थ्याने ‘परतला’. मत्तय १५:२१ च्या जागी मार्क ७:२४ मध्ये ‘उठून गेला’ असे साधे क्रियापद आहे. मत्तय १४:१३ च्या प्रसंगाला मार्क ६:३२ मध्ये ‘गेले’ आहे, तर लूक ९:१० मध्ये ‘हुपोखोरेओ’.

या शेवटच्या प्रसंगात फरक केवळ शब्दाचा नाही, कारणाचाही आहे. मार्कात शिष्य कामगिरीवरून परत आले आहेत, त्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून येशू त्यांना विसाव्यासाठी एकांती नेतो. मत्तयात तो योहानाच्या मृत्यूची बातमी ऐकून जातो. प्रसंग एकच असला तरी मत्तयाने निघण्याला बातमीशी जोडले आणि त्या जोडणीसाठी आपले नेहमीचे क्रियापद वापरले. उलट मत्तय १२:१५ ला समांतर असलेल्या मार्क ३:७ मध्ये मार्कानेही हेच क्रियापद लिहिले आहे, म्हणून त्या एका वचनापुरते ‘हा खास मत्तयाचा शब्द’ असे म्हणता येत नाही.

चौथी पायरी: जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर

मत्तय आणि त्याचे वाचक हिब्रू शास्त्रलेखांच्या ग्रीक भाषांतराशी, म्हणजे सेप्टुअजिंटशी, परिचित होते. म्हणून तेथे हा शब्द कोणाच्या बाबतीत येतो हे पाहणे अगत्याचे आहे. निर्गम २:१५ मध्ये फारो जिवावर उठल्यावर मोशे त्याच्यासमोरून निघून मिद्यान देशात जाऊन राहतो, तेथे ‘आनेखोरेसेन’ आहे. १ शमुवेल १९:१० मध्ये शौलाचा भाला चुकवून दावीद निघून जातो आणि वाचतो, तेथेही हेच क्रियापद आहे, आणि होशेय १२:१२ मध्ये याकोब अरामाच्या प्रदेशात जातो तेथेही. (हिब्रू व ग्रीक आवृत्त्यांत होशेयाचे हे वचन १२:१३ असे सापडेल.) या तिन्ही ठिकाणी मूळ हिब्रूत ‘पळून जाणे’ या अर्थाची क्रियापदे आहेत.

मोशेचा दुवा विशेष घट्ट आहे. निर्गम ४:१९ मध्ये देव मोशेला सांगतो की तुझ्या जिवावर टपलेले सगळे मेले आहेत. मत्तय २:२० मध्ये दूत योसेफाला बालकाविषयी जवळजवळ त्याच ग्रीक शब्दांत तसे सांगतो. त्यामुळे २:१४ मधील ‘आनेखोरेसेन’ वाचताना पहिल्या वाचकांना निर्गमातील मोशे आठवावा, अशी मत्तयाची इच्छा होती, असे मानायला भक्कम आधार मिळतो. तो आधार शब्दाबरोबर येणाऱ्या वाक्याने दिला आहे. एकट्या क्रियापदाच्या जोरावर असा दुवा जोडू नये.

येथे एक सावधगिरी हवी. ‘पळणे हे लाजिरवाणे म्हणून मत्तयाने तो शब्द टाळला’ असे काही जण उपदेशात सांगतात. परंतु मत्तय १०:२३ मध्ये स्वतः येशूच शिष्यांना म्हणतो की एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, आणि तेथे ‘फेउगो’ हाच धातू आहे. स्तेफनाच्या भाषणातही मोशे ‘पळाला’ असे सरळ म्हटले आहे (प्रेषितांची कृत्ये ७:२९). म्हणजे पळण्यात कमीपणा आहे असे हे लेखक मानत नव्हते. फार तर इतके म्हणता येईल, की मत्तयाचा निवेदक येशूच्या कृतीसाठी ‘पळाला’ हा शब्द कोठेही वापरत नाही, आणि २६:५६ मध्ये त्याला सोडून जाणाऱ्या शिष्यांसाठी मात्र वापरतो.

पाचवी पायरी: त्या काळच्या बोलत्या ग्रीकमधला वापर

आता कोश उघडावा. शास्त्रग्रंथाबाहेर हा शब्द रणांगणावरून मागे हटण्यासाठी वापरला जाई. मिसरातील पपायरसच्या कागदांत मात्र तो आपल्याला अधिक जवळचा वाटेल अशा अर्थाने सापडतो. रोमी राजवटीत कर आणि सक्तीची सरकारी सेवा यांचा भार असह्य झाला, की शेतकरी आपले गाव सोडून निघून जात, आणि त्याला ‘आनाखोरेसिस’ म्हणत. फायूम भागातील फिलाडेल्फिया गावाच्या पहिल्या शतकातील कराच्या कागदपत्रांत अशा निघून गेलेल्या माणसांच्या याद्या आहेत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत दुष्काळामुळे किंवा जुलमामुळे रयत ‘परागंदा’ झाल्याच्या नोंदी येतात. परिस्थितीच्या दृष्टीने आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द मला तोच वाटतो. सत्तेच्या दाबामुळे जागा सोडणे आणि दुसरीकडे आसरा घेणे, हा रंग त्या काळच्या सामान्य वाचकाच्या कानाला ओळखीचा होता, आणि मत्तय २ मधील कुटुंबाला तो अचूक लागू पडतो.

सहावी पायरी: दोन चुकीच्या वाटा बंद करणे

‘आना’ म्हणजे ‘वर’ आणि ‘खोरा’ म्हणजे ‘प्रदेश’, म्हणून आनाखोरेओ म्हणजे उंच आध्यात्मिक प्रदेशात जाणे, अशी मांडणी कानावर येते. ‘आना’ या उपसर्गाला ‘मागे’ हाही अर्थ आहे आणि या क्रियापदात तोच लागू होतो. शिवाय वापरात रुळलेला शब्द आपल्या तुकड्यांची बेरीज राहत नाही. यहूदा कोणत्याही उंच प्रदेशात गेला नाही, एवढे एक उदाहरण या मांडणीला पुरेसे उत्तर आहे.

दुसरी चूक काळाची आहे. मिसरच्या वाळवंटात एकांतवास करणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना पुढे ‘आनाखोरेतेस’ म्हणू लागले, आणि ३५६ मध्ये निवर्तलेला संत अंतोनी हा त्यांच्यात अग्रगण्य मानला जातो. मत्तयाचे शुभवर्तमान त्याच्या पुष्कळ आधीचे आहे. म्हणून संन्यासाचा किंवा ध्यानधारणेचा अर्थ मागे नेऊन मत्तयाच्या शब्दात भरू नये. १४:१३ मध्ये एकांताचा भाव निश्चित आहे, पण तो ‘ओसाड जागी’ आणि ‘एकांती’ या सोबतच्या शब्दांनी आणला आहे.

सातवी पायरी: पाठभेद तपासणे

बहुतेक ठिकाणी याची गरज पडत नाही, पण योहान ६:१५ मध्ये पडते. लोक आपल्याला बळजबरीने राजा करू पाहत आहेत हे जाणून येशू पुन्हा डोंगरावर एकटाच जातो. बहुसंख्य हस्तलिखितांत ‘आनेखोरेसेन’ आहे, परंतु चौथ्या शतकातील कोडेक्स सिनाइटिकसच्या मूळ लेखनात ‘फेउगेइ’, म्हणजे ‘पळतो’, असे आहे, आणि वल्गाता हे बायबलचे जुने लॅटिन भाषांतरही ‘पळाला’ असेच म्हणते. काही अभ्यासकांना ‘पळतो’ हाच मूळ पाठ वाटतो, कारण एखाद्या नकलकाराने तो शब्द सौम्य केला असणे शक्य आहे. मला बहुसंख्य साक्षींचा पाठ अधिक विश्वसनीय वाटतो. दोन्ही बाबतींत एवढे कळते, की जुन्या नकलकारांना आणि भाषांतरकारांना हे दोन शब्द एकमेकांची जागा घेण्याइतके जवळचे वाटत होते. येथे धोका शत्रूंचा नसून चाहत्यांचा आहे, हेही रकान्यात नोंदवावे.

आठवी पायरी: मराठी शब्द ठरवणे

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या परंपरेत वाचणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी मराठी शब्द तोलून पाहिला पाहिजे. ‘माघार घेणे’ यात हार मानल्याचा किंवा उमेदवारी मागे घेतल्याचा वास येतो, म्हणून ४:१२ मध्ये तो मला चालणार नाही. ‘काढता पाय घेणे’ यात अवघडलेपण आहे. ‘प्रस्थान’ हा पालखीच्या किंवा समारंभपूर्वक निघण्याचा शब्द आहे, आणि योसेफ रात्री गुपचूप निघाला होता. ‘परागंदा होणे’ परिस्थिती अचूक सांगते, पण त्यात देशोधडीला लागण्याची विपन्नता आहे. ते वर्गात समजावून सांगताना वापरावे, वचनात घालू नये.

एकच मराठी शब्द चौदाही ठिकाणी बसवण्याचा हट्ट मी धरणार नाही. २:१४ आणि २:२२ मध्ये ‘आश्रयास गेला’ हे योग्य वाटते. २:१२ मध्ये ज्ञानी लोक स्वदेशी जात आहेत, म्हणून ‘परस्पर निघून गेले’ पुरे. ४:१२, १२:१५ आणि १५:२१ मध्ये ‘तेथून दूर निघून गेला’ असे म्हणून आधीच्या ‘ऐकून’ किंवा ‘जाणून’ या शब्दाला, तो जेथे आहे तेथे, वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवावे, म्हणजे बातमी आणि निघणे यांचा जोड वाचकाच्या कानावर पडतो. १४:१३ मध्ये ‘एकांती निघून गेला’, ९:२४ मध्ये ‘बाजूला व्हा’, आणि कृत्यांतील दोन्ही ठिकाणी ‘एकीकडे जाऊन’ लिहावे. २७:५ मध्ये नुसते ‘निघून गेला’ ठेवावे, कारण तेथे मत्तयानेही यहूदा कोठे गेला हे सांगितलेले नाही.